भोक बुजवलं, पण राखण सोडू नका

काल पाडेल्याकडून माडांच्या शेंड्यात उंदरांसाठी ब्रोमाडिओलोनच्या वड्या ठेवून घेतल्या. धाकटा भाऊ खळ्यात बसून बघत होता. दोन वर्षांमागे हे काम तोच करायचा. म्हणून आज पिकाचं नाही, त्याचं लिहितो.

त्याच्या हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला जन्मापासून भोक होतं. तिशीत कळलं, मुंबईत ऑपरेशन झालं. पुढे वीस वर्षं नांगर धरला, माडावर चढला. तपासणीला जाणं मात्र लवकरच सुटलं. मधेच छातीत धडधडायचं, तर म्हणायचा, "वायच दमलंय, काय नाय." आम्ही पण सोडून दिलं.

लावणीत तरवा काढताना उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, बोलणं अडखळलं. वारा लागला म्हणून आम्ही घरी नेऊन तेल चोळलं. त्यात तीन तास गेले. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन सुरुवातीपासून साडेचार तासांच्या आत लागतं, तेही सिटी स्कॅन करून. बांबोळीला पोचेपर्यंत वेळ निघून गेली होती.

डॉक्टरांनी सांगितलं ते मला असं समजलं. खारभूमीच्या बांधाचं भोक बुजवलं तरी आत शिरलेला खार लगेच जात नाही. तसंच, जादा रक्ताने वर्षानुवर्षं ताणलेला हृदयाचा कप्पा मोठेपणी भोक बुजवून पूर्ववत होतोच असं नाही. पुढे ठोके अनियमित पडतात, रक्त साकळतं, गुठळी मेंदूत जाते.

आता तो वॉरफरिन घेतो. हे 1948 साली अमेरिकेत उंदीर मारायचं औषध म्हणूनच बाजारात आलं. 1954 पासून माणसांना देतात. आपलं ब्रोमाडिओलोन त्याच जातीचं. डोस जास्त झाला तर रक्तस्राव, कमी पडला तर गुठळी. म्हणून आयएनआर तपासणी चुकवत नाही. पालेभाजी एक दिवस टोपभर आणि मग महिनाभर नाही, असं करत नाही. दुखलं-खुपलं तर मनाने गोळी घेत नाही.

तुमच्या घरात कुणाचं हृदयाचं भोक बुजवलेलं असेल, तर बरा दिसतो म्हणून तपासणी सोडू नका. अधूनमधून नाडी बघा. ठोके वेडेवाकडे लागले तर ईसीजी काढा. तोंड, हात, बोलणं, यातलं एक जरी अचानक बिघडलं तर घड्याळ बघा आणि 108 ला फोन करा.

तेल चोळत बसू नका. आम्ही बसलो.