आमचे गाणे, गादीवाल्याची जाहिरात

गेल्या एप्रिलमधील गोष्ट. जयंतीला चार दिवस उरले होते. वस्तीत एक टेम्पो आला. वर भोंगा, बाजूला गाद्या आणि सोफासेटच्या सवलतीचा फलक. भोंग्यातून चाल सुरू झाली आणि आम्ही हातातला कप खाली ठेवला. आमच्या लाडक्या भीमगीताची ती चाल! पण शब्द? शब्द गादीचे, हप्त्याचे आणि मोफत घरपोच सेवेचे.

याहून वाईट पुढेच झाले. आमची सहा वर्षांची नात दोन दिवस तेच गुणगुणत होती. मूळ गाणे तिला ठाऊकच नव्हते.

आमचे वडील गिरणी कामगार. पाळी सुटली की गायन पार्टीत कोरस धरायचे. आईला अक्षरओळख नव्हती. बाबासाहेबांनी आपल्यासाठी काय केले, ते तिला वामनदादा कर्डक आणि प्रल्हाद शिंदे यांच्या गाण्यांनी समजावले. म्हणून ती चाल गादीसाठी वाजली तेव्हा भिंतीवरचा वडिलांचा फोटो काढून त्या खिळ्याला कुणी पिशवी अडकवावी, तसे आम्हाला वाटले.

दुकानदाराला जाब विचारायचे ठरवले. जाण्यापूर्वी वडिलांची गाण्यांची वही काढली आणि वरमलो. गाण्यामागून गाणे, प्रत्येकाच्या डोक्यावर 'चाल' असे लिहून पुढे सिनेमाच्या गाण्याचे नाव! आपल्या माणसांनीही चाली उसन्याच घेतल्या होत्या. मग दुकानदाराचे काय चुकले?

विचारांती एवढे समजले. आपल्या गायकांनी ओळखीची चाल घेतली ती अडाणी माणसाच्या तोंडी नवा विचार चटकन बसावा म्हणून. दुकानदाराने मात्र आपला जिव्हाळा घेतला आणि तो गादीला जोडला. तोही जयंतीचे दिवस हेरून.

हे दुःख केवळ आपले नाही. 1987 साली अमेरिकेत बीटल्सचे क्रांतीविषयीचे 1968 चे गाणे नायकी बुटांच्या जाहिरातीत वाजले. चाहते संतापले, प्रकरण कोर्टात गेले. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये शनेल अत्तराच्या जाहिरातीत नीना सिमोन यांचे जुने प्रेमगीत वाजले. नागरी हक्कांच्या लढ्यात गाणाऱ्या या कृष्णवर्णीय गायिकेने ते तीस वर्षांपूर्वी गायले होते. गाणे पुन्हा गाजले, ब्रिटनच्या यादीत पाचव्या क्रमांकावर गेले. नव्या पिढीला ते मिळाले, हे चांगलेच झाले. पण हक्क त्यांनी उमेदीच्या काळातच सुमारे 3000 डॉलरला देऊन टाकले होते. गळा त्यांचा, मालकी दुसऱ्याची!

आपल्या कितीतरी गायकांनीही एकरकमी मानधनावर कॅसेटी भरल्या. 2012 साली कायद्यात दुरुस्ती होऊन गीतकार-संगीतकारांचा मानधनातील वाटा सुरक्षित झाला. पण गल्लीतल्या भोंग्यापर्यंत कायदा पोचतो कुठे?

शेवटी दुकानात गेलो. दुकानदार तरुण होता. "काका, चाल सगळ्यांना आवडते म्हणून घेतली. अपमान करायचा नव्हता," तो म्हणाला. जयंती होईपर्यंत बंद ठेवतो, असेही म्हणाला. पुढचे काही बोलला नाही. आम्हीही भांडलो नाही.

रात्री आईला सांगितले. ऐंशी ओलांडलेली आई उठून बसली, पणतीला जवळ घेतले आणि मूळ गाणे म्हणू लागली. पोर मध्येच म्हणाली, "पणजी, हे तर गादीचं गाणं!"

"नाही गं बाय," आई म्हणाली, "आधी सगळं ऐक तरी."

तीन दिवसांत पोरीला दोन कडवी पाठ झाली. वाचकहो, टेम्पो पुन्हा येईल. तो येण्याआधी आपापल्या घरातील पोराबाळांना एक तरी गाणे मूळ शब्दांसह शिकवा. कुणी लिहिले, कुणी गायले, तेही सांगा.