किती चालली?

जबलपूरची व्हेईकल फॅक्टरी १९६९ मध्ये सुरू झाली आणि लष्करासाठी जोंगा बनवू लागली. निसानच्या पॅट्रोलवरून परवान्याने घेतलेली गाडी. नावातला ‘ज’ मात्र जबलपूरचा. बाबा तिथूनच निवृत्त झाले.

लष्कराच्या लिलावातून सुटून दोन मालक पाहिलेली एक जोंगा मी रांझीत हेरली. मीटर ४१,००० दाखवत होतं. घराच्या स्लॅबसाठी ठेवलेले पैसे मी मनातल्या मनात देऊनही टाकले.

बाबा हसले. "मीटरला आकडे पाचच. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य. त्यात मूळचं सहा सिलिंडरचं पेट्रोल इंजिन काढून कुणीतरी डिझेल बसवलंय. मग हे किलोमीटर कुणाचे रे?"

मला तर डिझेल म्हणजे बचत वाटली होती. गप्प बसलो.

शहात्तराव्या वर्षी ते गोणपाट टाकून गाडीखाली शिरले. पान्याने चॅसीवर टकटक करत पुढे सरकले. गंजलेलं लोखंड बद्द वाजतं. मागच्या स्प्रिंगपाशी आवाज थांबला. बराच वेळ.

मी वाकून विचारलं, "बाबा, गंजलंय का?"

"टॉर्च इकडे धर. हे वेल्डिंग आमच्या शॉपचं आहे."

मालक किंमत बोलायला पुढे आला होता. बाबा अजून खालीच होते.