खाड्याच्या भीतीने मागितलेले ऑपरेशन



बाई स्वतःच गर्भाशयाची पिशवी काढा म्हणते, तिचे ऐकणे हाच रुग्णकेंद्री उपचार, हे माधवच्या पत्रातील वाक्य वडीलधाऱ्यांच्या जिव्हारी लागले. दादांच्या दवाखान्यात वाढून डॉक्टर झालेल्या मुलाने ते लिहावे, याचे दुःख अधिक. रुग्णकेंद्री उपचार म्हणजे रुग्णाची परिस्थिती, भीती आणि पसंती जाणून, पर्याय समजावून, त्याच्यासह घेतलेला निर्णय. मागेल ते देणे एवढाच त्याचा अर्थ केला, तर दुकान आणि दवाखाना यांत फरक उरत नाही.

बीडमध्ये राहून ऊसतोडीचा हिशेब माधवला ठाऊक नाही, असे कसे मानावे? नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. मुकादम हंगामाआधी त्यांना उचल, म्हणजे आगाऊ रक्कम देतो, आणि तोडीचा दिवस बुडाला की खाडा, म्हणजे दंड, त्या उचलीत चढतो. पाळीच्या त्रासाने खाडा पडू नये म्हणून मागितलेले ऑपरेशन ही इच्छा नसून कोंडी असते, आणि अंगावरून पांढरे जाते एवढ्यावरून जिला कॅन्सरचे भय घातले गेले, तिची संमती तर डॉक्टरनेच घडवलेली असते. 2019 मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीपुढे आलेल्या पाहणीत 82,309 ऊसतोड महिलांपैकी 13,861 जणींची पिशवी काढलेली आढळली. त्यांतील प्रत्येक शस्त्रक्रिया अनावश्यक होती, असे म्हणता येत नाही. परंतु पांढरे जाण्यामागे जंतुसंसर्ग असेल तर तो बहुधा औषधांनीच बरा होतो, आणि पिशवीबरोबर अंडाशयेही काढली तर अकाली रजोनिवृत्ती येऊन हाडे ठिसूळ होऊ लागतात, हे त्या बायकांपैकी कितीजणींना कोणी बसवून सांगितले असेल?

दादा केसपेपरच्या कोपऱ्यात तक्रारीखाली ‘भीती कशाची’ असे लिहून घेत. सर्वोच्च न्यायालयानेही 2008 च्या एका निकालात तपासणीला दिलेली संमती गर्भाशय काढण्याची संमती ठरत नाही असे म्हटले, आणि पर्याय, धोके व उपचार नाकारल्यास काय होईल हे रुग्णाला सांगणे डॉक्टरवर बंधनकारक मानले. यांतले शेवटचे, काहीच केले नाही तर काय होईल, हे सांगितल्यावाचून ऑपरेशनची तारीख देऊच नये. केवळ पिशवीबाबत नव्हे, तर सलाईन, सिझेरियन, स्टेंट, प्रत्येक बाबतीत.

त्यातच माधवच्या पत्रात नव्या सोनोग्राफी मशीनचा हप्ता, थिएटरचे कर्ज आणि सुनबाईंचे दिवस भरत आलेले, हे वाचून घरच्यांच्या काळजीत भर पडली आहे; कर्ज डोक्यावर असताना ऑपरेशनची गरज नेहमीपेक्षा लवकर पटू लागते. हप्त्याची अडचण असेल तर ती घरी कळवावी, पेशंटवर काढू नये. पुढील पत्रात गेल्या महिन्यात पिशवी काढलेल्या बायकांची वये आणि त्यांना आधी कोणती औषधे किती दिवस दिली, ते माधवने लिहावे.