एका बाकावरची दोन व्याकरणे

क्रियापद हा वाक्याचा प्राण होय, असे आपण शाळेत घोकतो आणि परीक्षा संपताच विसरून जातो. बहुतेकांचे त्यावाचून काही अडत नाही. कारण बोलताना वाक्याचा प्राण कोठे आहे हे कोणी चाचपून पाहत नाही. परंतु पुण्याच्या सदाशिव, नारायण आणि नवी या तीन पेठांत आज हजारो तरुण असे आहेत की, ज्यांना ही चैन परवडत नाही. शास्त्री रस्त्याच्या आसपास ज्या अभ्यासिका आहेत, त्यांत महिन्याच्या भाड्याने एक खुर्ची आणि हातभर टेबल मिळते. लातूर, बीड, यवतमाळ, धुळे अशा जिल्ह्यांतून आलेली मुले-मुली तेथे सकाळपासून रात्रीपर्यंत बसून असतात. भिंतीवर घड्याळ असते खरे. पण या मंडळींना जो काळ शिकावयाचा असतो तो पुस्तकातला. साधा, अपूर्ण, पूर्ण आणि पूर्ण-अपूर्ण असे चार प्रकार. ते वर्तमान, भूत, भविष्य यांना प्रत्येकी लावले की बारा. या बारा काळांचा तक्ता कित्येकांच्या टेबलासमोर चिकटविलेला असतो.

त्याच टेबलावर मो. रा. वाळंबे यांचे मराठी व्याकरण असते आणि त्याला टेकून रेन आणि मार्टिन यांचे, नाहीतर पाल आणि सुरी यांचे इंग्रजी व्याकरण असते. लोकसेवा आयोगाच्या संयुक्त परीक्षेच्या मुख्य टप्प्यात मराठी नि इंग्रजी या दोन भाषांची मिळून एकच प्रश्नपत्रिका असते. म्हणून ही दोन पुस्तकेही शेजारी नांदतात. परंतु शेजारी असूनही त्यांचे एकमेकांशी बोलणे नाही. सकाळी मराठीचे पुस्तक उघडावयाचे, दुपारी ते मिटून इंग्रजीचे उघडावयाचे. दोन्ही एकदम उघडून पाहावीत, असे कोणी सुचवीत नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की, या विद्यार्थ्यांचा पुष्कळसा मनस्ताप या अबोल्यातून निघालेला आहे.

इंग्रजीचा अध्यापक म्हणून माझ्याकडे यांपैकी काही जण शंका घेऊन येतात. त्यांची तयारी पाहून मला कौतुक वाटते आणि थोडे वाईटही वाटते. वाक्यात 'यस्टर्डे' दिसला की साधा भूतकाळ, 'बाय द टाइम' दिसला की पूर्ण भूतकाळ, 'सिन्स' दिसला की 'हॅव बीन', अशा खुणा त्यांनी पाठ केलेल्या असतात. टोपीवरून माणूस ओळखावा तसे ते काळ ओळखतात. या पद्धतीला हसण्याचे मला कारण नाही. चार पर्यायांतून एक निवडावयाचा, हाताशी मिनिटभरही वेळ नाही, आणि चुकीच्या उत्तरामागे त्या प्रश्नाच्या गुणांचा चौथा हिस्सा कापला जाणार; अशा वेळी खुणा उपयोगी पडतात. घरून येणाऱ्या पैशांवर खानावळीचे बिल भागविणाऱ्या मुलाला भाषेच्या सौंदर्यावर व्याख्यान देणारा प्राध्यापक म्हणजे उपाशी माणसाला विडा देणारा यजमान होय. परंतु टोपी बदलली की माणूस ओळखू येईनासा होतो, ही या पद्धतीची अडचण आहे. आणि परीक्षा घेणाऱ्यांना टोप्या बदलण्याचा छंदच असतो.

मागे एक तरुण आला. त्याने वहीत एक वाक्य लिहून आणले होते : 'आय ॲम प्रिपेअरिंग सिन्स थ्री इयर्स.' हे वाक्य चूक आहे, हे त्याला ठाऊक होते. बरोबर पर्याय कोणता, हेही ठाऊक होते. "पण सर, चूक का?" असे त्याने विचारले. 'मी तीन वर्षांपासून तयारी करतो आहे' या मराठी वाक्यात काडीचाही दोष नाही. मग त्याच्याच इंग्रजी रूपाने असा काय अपराध केला?

मी त्याला म्हटले, तुझ्या मराठी वाक्यातला 'पासून' काढून बघ. 'मी तीन वर्षे तयारी करतो आहे.' वाक्य चालते की नाही? चालते. आता 'मी २०२२ पासून तयारी करतो आहे' यातला 'पासून' काढ. 'मी २०२२ तयारी करतो आहे' असे कोणी शहाणा म्हणणार नाही. जेथे 'पासून' गाळता येतो तेथे इंग्रजी 'फॉर' वापरते, कारण तेथे कालावधी मोजलेला असतो. जेथे गाळता येत नाही तेथे 'सिन्स', कारण तेथे काळाच्या वाटेवर एक खुंटी ठोकलेली असते. हा भेद त्याच्या कानाला जन्मापासून ठाऊक होता. मात्र या कामी कानाची साक्ष चालते, हे त्याला कोणी सांगितले नव्हते.

राहिला प्रश्न क्रियापदाचा. मराठी माणूस आजच्या दिवसात उभा राहून चालू कामाकडे पाहतो आणि 'करतो आहे' असे म्हणतो. मागची तीन वर्षे तो 'तीन वर्षांपासून' या शब्दांच्या हवाली करून मोकळा होतो. इंग्रजीला तेवढ्याने भागत नाही. जी वर्षे मागून चालत आज दारात आली, त्यांचा भार तिला क्रियापदावरच घ्यावा लागतो; म्हणून 'हॅव बीन प्रिपेअरिंग'. हे ऐकून तो तरुण थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "मग सर, आमच्याबाबत इंग्रजीचेच खरे." या उत्तरावर काय बोलावे हे मला सुचले नाही. परंतु त्याला तो काळ समजला होता, याविषयी मला शंका उरली नाही.

दोन्ही व्याकरणे एकदम उघडली म्हणजे अशा पुष्कळ गोष्टी दिसू लागतात. 'पाऊस पडला', 'पाऊस पडला आहे', 'पाऊस पडला होता' या तीन वाक्यांतील भेद खेड्यातले लहान मूलही चुकत नाही. पहिल्यात बातमी आहे. दुसऱ्यात अंगण अजून ओले आहे. तिसऱ्यात मागच्या एखाद्या गोष्टीच्याही आधीचा पाऊस आहे. इंग्रजीचे पूर्ण वर्तमान आणि पूर्ण भूत यांहून फारसे निराळे नाहीत. मात्र येथे एक अडसर आहे, आणि तोही दाखविला पाहिजे. 'तो कालच आला आहे' हे उत्तम मराठी होय. पण 'ही हॅज कम यस्टर्डे' हे इंग्रजीत चालत नाही. आपली भाषा पाहुणा घरात आहे एवढे पाहते आणि तो काल आला हेही सांगून टाकते. इंग्रजीत 'काल' असे एकदा नाव घेतले की ती घटना मागे जाऊन बसते. मग तिच्याशी 'हॅज'चे नाते जोडता येत नाही. जेथे दोन्ही भाषा एका वाटेने जातात तेथे कानावर विसंबावे आणि जेथे वाट फुटते तेथे खूण करून ठेवावी. अशा खुणा फार थोड्या ठेवाव्या लागतात; तक्त्यातील सगळी घरे पाठ करण्यापेक्षा हे काम पुष्कळ हलके आहे.

आपल्या जुन्या व्याकरणकारांनी तर याहून मोठी सोय करून ठेवली आहे. मराठी व्याकरणात क्रियापदाच्या रूपांना ताख्यात, लाख्यात, वाख्यात अशी नावे आहेत. विद्यार्थी ती एका गुणासाठी पाठ करतात आणि मनातून त्यांना कंटाळतात. परंतु त्या नावांतील शहाणपण असे की, ती रूपाला रूपाच्या प्रत्ययावरून ओळखतात, काळावरून नव्हे. 'तुम्ही पुढे व्हा, मी आलोच' या वाक्यात रूप लाख्याताचे आहे. पण बोलणारा अजून उंबऱ्याच्या आत आहे, त्याचे येणे पुढे व्हावयाचे आहे. 'तू आलास तर मी येईन' यातले 'आलास' हेही घडून गेलेले नाही. रूप एक आणि काळ दुसरा, हे ज्याला येथे पटले, त्याला 'द ट्रेन लीव्हज ॲट सिक्स टुमॉरो' यात उद्याच्या गाडीला वर्तमानाचे रूप का, आणि 'इफ आय वेअर यू' यात भूतकाळाचे रूप का, हे कोडे पडत नाही. इंग्रजीत 'टेन्स' निराळा आणि 'टाइम' निराळा. आपण दोहोंना 'काळ' म्हणून मोकळे झालो आणि घोटाळा करून बसलो.

असाच घोटाळा प्रयोगाचा. 'रामाने पोळी खाल्ली' हा कर्मणि प्रयोग, असे सकाळी मराठीच्या पुस्तकात वाचावयाचे. 'पॅसिव्ह व्हॉइस' म्हणजे कर्मणि, असे दुपारी इंग्रजीच्या वर्गात ऐकावयाचे. दोन्ही खरे धरले तर रामाची ती साधी न्याहारी इंग्रजीत 'रामाकडून खाल्ली गेलेली पोळी' होऊन बसते. वस्तुतः आपल्या कर्मणीत क्रियापद कर्माच्या लिंगवचनाप्रमाणे चालते एवढेच. कर्ता राम आपल्या जागी ठाम असतो. इंग्रजी 'पॅसिव्ह'शी जुळते ते 'पोळी रामाकडून खाल्ली गेली' हे रूप, आणि मराठी व्याकरणात त्याला 'नवीन कर्मणि' असे वेगळे नाव आहे. हे नाव परीक्षेत विचारले जाते. त्यामागची ही गोष्ट मात्र कोठे विचारली जात नाही. या मुलांपैकी जे अधिकारी होतील, त्यांना तर हा प्रयोग जन्मभर पुरणार आहे. 'कळविण्यात येते की', 'निर्णय घेण्यात आला आहे' अशा वाक्यांत निर्णय असतो, पण तो घेणारा दिसत नाही. कर्त्याला केव्हा पुढे आणावे आणि केव्हा झाकावे, हा केवळ व्याकरणाचा प्रश्न नव्हे. म्हणून तरी तो नीट समजून घ्यावा.

मी काही नवीन युक्ती सांगतो आहे, असे कोणी समजू नये. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचे व्याकरण प्रसिद्ध केले, ते इंग्रजी व्याकरणाचा आराखडा नजरेसमोर ठेवून. मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश १८४७ साली निघाला. त्या साहेबांनी मराठी जाणली ती आपल्या भाषेच्या ताजव्यात एकेक शब्द तोलून. पुढे तर्खडकरांच्याच घराण्याचे नाव ज्या भाषांतर पाठमालेला चिकटले, तिने महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्यांना इंग्रजी शिकविले. आणि तिची रीत तरी काय होती? मराठी वाक्य इंग्रजीत न्यावयाचे, इंग्रजी वाक्य मराठीत आणावयाचे. तिच्यातल्या वाक्यांची पुढे पुष्कळ थट्टा झाली. परंतु त्या येरझारांत विद्यार्थ्याला दोन्ही गावांची वाट पायाखालची होत असे. विलायतेत सनदी नोकरांची निवड खुल्या परीक्षेने होऊ लागली ती १८५५ साली. तेव्हापासून परीक्षा हा आपल्याकडे नोकरीचा राजमार्ग झाला आणि हळूहळू त्या मार्गावर येरझारांना वेळ उरला नाही.

आता त्या मार्गालाच एक वळण आले आहे. राज्यसेवेची मुख्य परीक्षा पर्याय निवडण्याची न ठेवता लिहिण्याची करावी, असे आयोगाने २०२२ साली ठरविले. विद्यार्थ्यांनी २०२३ च्या आरंभी पुण्यात रस्त्यावर येऊन वेळ मागितला आणि हा बदल २०२५ वर गेला. त्यांचा धसका मला समजू शकतो. आयते क्रियापद ओळखणे निराळे आणि कोऱ्या कागदावर आपले क्रियापद उभे करणे निराळे. तेथे खुणा देणारे कोणी नसते. आपल्याला काय सांगावयाचे आहे, ते घडून गेले की अजून चालले आहे, हे आधी आपले आपल्याला ठरवावे लागते. ज्याने मराठीत हे ठरविण्याची सवय ठेवली, त्याला इंग्रजीत अर्धे काम झालेले आढळेल.

शास्त्री रस्त्यावर चहाच्या टपरीपाशी उभे राहिले तर सर्वांत अधिक कानी पडतो तो संकेतार्थ. 'दोन गुण मिळाले असते तर यादीत नाव लागले असते.' इंग्रजीतील 'इफ आय हॅड' आणि 'आय वुड हॅव' यांचा इतका सराव कोणत्याही वर्गात होत नाही. पण वर्गात तेच रूप फळ्यावर आले की मुले त्याला परके मानून घाबरतात. जागा शेकड्यांनी मोजावयाच्या आणि अर्ज लाखांनी, असा हा हिशेब असल्यामुळे बहुतेकांच्या वाट्याला तो संकेतार्थच येणार, हे मला दिसते. त्यांची चार-पाच वर्षे येथे जातील आणि ती गावी परत जातील, दुकानात बसतील, शाळेत शिकवतील किंवा शेत पाहतील. टोप्यांच्या खुणा तेव्हा कामाच्या नसतील. परंतु आपली भाषा इतकी रेखीव आहे आणि तिच्या आधाराने दुसरी भाषा आपलीशी करता येते, एवढे जर त्या टेबलावर त्यांच्या हाती लागले असेल, तर ते कोणत्याही यादीवर अवलंबून राहणार नाही. म्हणून मला वाटते, ज्याची निवड होईल त्याच्यापेक्षाही ज्याची होणार नाही, त्याच्यासाठी ही दोन पुस्तके एकदम उघडली गेली पाहिजेत.