भेगेचे पैसे कापा, पण वस्तीचे का?



अंबाजोगाईतलं आमचं घर आक्काने आणि मी यंदा विकलं. विकायला काढलं तेव्हाच भावकीने दोन सल्ले दिले. पहिला, बापाचं घर विकू नको. दुसरा, विकायचंच असेल तर आधी आक्काकडून हक्कसोड लिहून घे.

पहिल्याला माझ्याकडे उत्तर होतं. बाबासाहेबांनी राजगृहाशिवाय 'चार मिनार' नावाची दुसरी इमारतही बांधली होती. देणी फेडायला आणि पुस्तकांसाठी ती त्यांनी १९४१ साली विकली. घर माणसासाठी असतं. दुसऱ्या सल्ल्याची मात्र लाज वाटली. हिंदू कोड बिल मंजूर होईना म्हणून ज्यांनी १९५१ साली मंत्रिपद सोडलं, त्यांचा फोटो भिंतीवर लावून आपण बहिणीला 'सही कर' म्हणतो. आई-वडील दोघंही गेलेले. घराचे वारस आम्ही दोघंच, म्हणजे निम्मं तिचं. आक्का आणि दाजी दरसाल ऊसतोडीला जातात. किमतीतला एकेक हजार तिच्यासाठी काय असतो हे मला ठाऊक होतं.

घराचा इतिहास थोडक्यात सांगतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाड्यात आपल्या वस्त्या पेटल्या. त्यानंतर वडिलांनी गाव सोडलं. दहा वर्षं कोयता चालवून १९८८ मध्ये इथे विटांच्या चार भिंती आणि वर पत्रे घातले. स्लॅब खूप नंतर पडला.

आम्ही १८ लाख सांगितले. गिऱ्हाईक आलं ते आपल्याच समाजातलं, जिल्हा परिषदेच्या शाळेतले सर. बोलायला गोड. म्हणाले, "माझा इंजिनिअर एकदा बघून जाईल, मग बसू." मी म्हटलं, अवश्य.

इंजिनिअर पोरगा मनापासून काम करणारा निघाला. तीन तास घरात होता. हातोडीने गिलावा ठोकून बघितला, अर्ध्या भिंती पोकळ वाजल्या. न्हाणीच्या वरच्या स्लॅबची सळई गंजून फुगली होती. चार वर्षं घर बंद, त्यामुळे ओल छातीपर्यंत चढलेली. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी गेलेली भेग बघून मी म्हटलं, ही किल्लारीच्या भूकंपाची. माय तसंच सांगायची. ३० सप्टेंबर १९९३ च्या त्या पहाटे ती आम्हाला ओढत अंगणात घेऊन आली होती. पोरगा हसला नाही. म्हणाला, "भूकंपाने सुरुवात झाली असेल काका, पण ही काळ्या मातीची भेग आहे. पावसाळ्यात माती फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ आहे, खाली बीम नाही. उन्हाळ्यात भेग वाढते ना?" वाढायची. दर उन्हाळ्यात माय तिच्यात चिंध्या कोंबायची. वडिलांच्या घराबद्दल परक्या पोराने हे सांगावं याचा आधी राग आला, मग पटलं. मग टेप लावला. नगरपालिकेच्या उताऱ्यावर ९०० चौरस फूट, प्रत्यक्षात भरले ८७०.

आठवड्याने सरांनी एक कागद पुढे ठेवला. त्यावर तीन ओळी होत्या. दुरुस्ती, १ लाख ४० हजार. एरिया कमी, ६० हजार. आणि तिसरी ओळ नुसती 'एरिया', २ लाख. खाली १४ लाखाचा आकडा.

मला वाटलं लिहिताना चूक झाली, एकच गोष्ट दोनदा कापली. म्हटलं, सर, एरिया तर वर आलाय. ते जरा अवघडले. "तो चौरस फुटाचा. हा म्हणजे… आपला एरिया. वस्ती. उद्या मला विकायचं झालं तर इथे घ्यायला कोण येणार? आपलीच माणसं. भावनेत जाऊ नका, हे मार्केट आहे."

पहिल्या दोन ओळी मी जागेवर मान्य केल्या. सळई गंजली ती गंजली. तीस फूट भरले नाहीत, आमच्याच दराने साठ हजार होतात, हिशोब सरळ आहे. तिसऱ्या ओळीसाठी मी इंजिनिअरचा रिपोर्ट मागितला. तीन पानं होती. वस्ती कुठल्याच पानावर नव्हती. विचारलं, सर, हा दोष कोणत्या भिंतीत सापडला? दुरुस्त करायला सिमेंटची किती पोती लागतील?

आणि दुसरा प्रश्न विचारला, तो त्यांना लागला. सर वर्षभर गावातल्या दुसऱ्या कॉलन्यांत घर बघत होते, हे मला माहीत होतं. "तिथे का नाही घेतलं?" बराच वेळ त्यांनी चहाचा कप फिरवला. म्हणाले, "आडनाव विचारलं की घर आधीच विकलेलं असतं." १९१७ साली बडोद्यात बाबासाहेबांना भाड्याने घर मिळालं नाही, हे सर दर १४ एप्रिलला भाषणात सांगतात. तिथे नकार देणाऱ्याला आपण काही करू शकत नाही, आणि त्याच नकाराची किंमत इथे आपल्याच माणसाच्या घरातून वळती करायची. याला ते मार्केट म्हणत होते.

मीही धुतल्या तांदळासारखा नाही. पुण्यात फ्लॅट घेताना 'चांगली सोसायटी' म्हणून मी जास्त पैसे मोजलेत. ती सोसायटी चांगली का, हे एजंटला विचारलं नव्हतं. सरांनी वजा केलेले दोन लाख मी तिकडे अधिक करून आलो होतो. हे मी त्यांना सांगितलंही.

आक्का तोवर गप्प होती. कागद वाचता येत नाही, पण मी वाचून दाखवलेले आकडे तिने बोटावर धरले होते. म्हणाली, "हा बी खाडाच कापायलाय की. मुकादम न आलेल्या दिवसाचा कापतो, ह्यो आपण कोण हाव त्याचा कापायलाय. मला नाय द्यायचं."

सर उठून गेले. अकरा दिवस फोन नाही. मी डगमगलो, आक्काला म्हटलं, पन्नास हजार सोडू का? ती म्हणाली, "तुझ्या वाट्यातले सोड."

बाराव्या दिवशी सर आले, १६ लाख म्हणाले. खरेदीच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात मी सही केली, आक्काने अंगठा दिला. चेक दोन, आठ-आठ लाखांचे. बाहेर आल्यावर सर म्हणाले, राग धरू नका. मी धरलेला नाही. शेजारची माणसं चांगली आहेत, पाणी एक दिवसाआड येतं, हे सांगून किल्ली दिली.

आक्काच्या पैशातून भाचीचं नर्सिंग होईल, उरलेल्यात शेळ्या की गुंठाभर जागा, हे ती ठरवतेय. यंदाची उचल मात्र तिने व्यवहाराआधीच घेतली होती, त्यामुळे या हंगामाला तिला जावंच लागलं.