लेकीच्या पावलांनी पाहिलेला जिल्हा

वाचकहो, सोलापूरकडून तुळजापूरचा घाट चढून वर आलात की बालाघाटचं पठार लागतं. तिथून पुढं आमचा धाराशिव जिल्हा. २०२३ सालापर्यंत सरकारदरबारी त्याला उस्मानाबाद म्हणत. धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, परंडा आणि वाशी असे त्याचे आठ तालुके. वर मुरमाड माळ, खोलात काळी जमीन, आणि पाऊस मनात येईल तेव्हा पडणारा. पूर्वी रब्बीची ज्वारी ही आमची ओळख होती, आता खरिपात सोयाबीन दिसतं. उस्मानाबादी शेळी मात्र तीच आहे, काळीभोर आणि बहुधा जुळी करडं देणारी.

शेतीखात्याच्या नोकरीत मी या आठही तालुक्यांची धूळ खाल्ली. माझ्या डायऱ्यांत पेरा, पाऊस, कीड आणि पंचनामे यांच्या नोंदी आहेत. माझ्या लेकीच्या नोंदी त्यांत कुठंच नाहीत. त्या गावांच्या नावांना चिकटून राहिल्या आहेत. अमुक गावाचा फाटा आला की तिचं अमुक वय आठवतं. आज ती तिशी ओलांडलेली बाई आहे. पुण्याजवळ पाण्याची तपासणी करणाऱ्या एका प्रयोगशाळेत काम करते, तिचा संसार आहे. तेव्हा आज तुम्हाला जिल्हा दाखवायचा तर तो तिच्या पावलांनी दाखवतो. तुमच्या घरीही लेक असेल, तर हा प्रवास तुम्हाला परका वाटणार नाही.

सुरुवात उमरग्याकडून करू. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आमच्याकडं कोणी विसरलेलं नाही. आदल्या दिवशी गणपती बोळवून माणसं दमून झोपली होती. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. लातूर जिल्ह्यातलं किल्लारी आणि आमच्याकडचं सास्तूर ही नावं तेव्हा जगभर गेली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून हजारो माणसं गेली. माती-दगडाच्या हातभर जाड भिंती आणि वर मातीचं जड माळवद, अशी आपली घरं. उन्हाळ्यात गार आणि हिवाळ्यात उबदार म्हणून ज्यांचं आपण कौतुक करायचो, त्याच भिंतींनी माणसं पुरली. पुढं ५२ गावं नव्या जागी वसवावी लागली.

माझी लेक तेव्हा चार महिन्यांची होती. उमरगा तालुक्यात माझी नोकरी नवीन होती. आमचं भाड्याचं घर तडे जाऊन उभं राहिलं, पण आत झोपायची कोणाची छाती होती? सगळं गाव रानात झोपायचं. आम्ही बाभळीला लुगड्याची झोळी बांधली आणि लेकरू तिच्यात टाकलं. रात्री अधूनमधून धक्के बसत. मी जागा राहून झोळीकडं बघत असे. ती हलली की वाऱ्यानं हलली की जमिनीनं, हे कळायचं नाही. मग तळहात जमिनीवर टेकवून पाहायचा. लेकीला यातलं काही ठाऊक नव्हतं. झोळी हलली की ती खुदकन हसायची. दिवसा मी पडलेली गावं बघून यायचो आणि रात्री ते हसणं ऐकायचो. माणूस कशाच्या जोरावर उभा राहतो, ते मला त्या रानात कळलं.

आता तुळजापूरला चला. कल्लोळ तीर्थ, गोमुख तीर्थ, पायऱ्या उतरून खाली देऊळ, हे तुम्ही पाहिलेलंच असेल. नवरात्रात आणि कोजागिरीला पायी येणाऱ्यांनी चारी वाटा फुलतात. लेक पाच वर्षांची असताना आम्ही गेलो होतो. गळ्यात कवड्यांच्या माळा घातलेल्या आराधी बायका पाहून तिनं हट्ट धरला, मलाही कवड्यांची माळ पाहिजे. तिची आई म्हणाली, "ते व्रत असतं, खेळणं नव्हं." शेवटी दुकानातून एक सुटी कवडी घेऊन दिली. ती तिनं मुठीत घट्ट धरली आणि परतीच्या एसटीत झोपली तरी मूठ सोडली नाही. आपल्या मराठवाड्यात लेकीला 'माय' म्हणून हाक मारतात. आई भवानीच्या गावातून माझी छोटी माय मांडीवर झोपून घरी चालली होती.

येडशीच्या रामलिंगाला तर आम्ही कितीदा गेलो असू. माझी पाच एकर वडिलोपार्जित जमीन त्याच भागात आहे. दाट झाडीची दरी, पावसाळ्यात कोसळणारा धबधबा आणि हातातला नारळ पळवणारी माकडं. त्या काळी येडशीवरून बार्शी लाइटची अडीच फुटी रुळांची छोटी गाडी लातूर-कुर्डुवाडी अशी धावायची. इतकी सावकाश की आमच्या लेकीनं खिडकीतून विचारलं, "बाबा, आपण उतरून हिच्या संगं चालायचं का?" डब्यातली सगळी माणसं हसली. पुढं ती छोटी गाडी बंद झाली आणि २००८ सालापर्यंत मोठ्या रुळांचं काम पूर्ण होऊन धाराशिव शहरालाही रेल्वे आली. त्या रुळांची पुढची गोष्ट खाली येईलच.

नळदुर्गचा किल्ला पाहिला नसेल तर पावसाळ्यात जरूर पाहा. बोरी नदीला किल्ल्यातच बांध घातला आहे आणि त्या बांधाच्या पोटात पाणीमहाल आहे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशाह याच्या काळातलं हे काम. नदी भरली की बांधावरून दोन ठिकाणी पाणी पडतं. एकाला नर म्हणतात, दुसऱ्याला मादी. बाहेर धो धो पाणी आणि महालात आपण कोरडे. लेक तेव्हा आठ वर्षांची होती. महालाच्या खिडकीशी उभी राहून तिनं विचारलं, "बाबा, वरून एवढं पाणी जातंय, मग आत एक थेंब कसा येत नाही?" मी तिला दगडाचे सांधे, चुना, पाण्याला काढून दिलेली वाट, असं जमेल तेवढं समजावलं. तिचं समाधान झालं नाही. घरी आल्यावर तिनं अंगणात चिखलाचा बांध घातला, मध्ये काड्यापेटी ठेवली आणि वरून तांब्याभर पाणी ओतलं. काड्यापेटी भिजली. आठवडाभर रोज एक काड्यापेटी भिजत होती आणि तिची आई माझ्यावर चिडत होती.

याच नळदुर्गची आणखी एक बाप-लेकीची गोष्ट सांगतो. १८५३ साली निजामानं हा मुलूख इंग्रजांना तोडून दिला, तेव्हा इथला कारभार बघायला मेडोज टेलर नावाचा अधिकारी आला आणि १८५७ पर्यंत राहिला. लेखणीचा माणूस होता. पुढं १८६३ साली त्याची 'तारा' नावाची कादंबरी निघाली. तिची नायिका तुळजापूरच्या एका शास्त्र्याची लेक आहे. १८७६ साली टेलर वारला. त्यानं लिहिलेलं आत्मचरित्र पुढच्याच वर्षी छापून आलं, आणि ते नीट लावून प्रसिद्ध केलं त्याच्या लेकीनं, ॲलिसनं. बापाच्या आयुष्याचे कागद लेकीनं जपले म्हणून आज ते आपल्या वाचनात येतात. कागदपत्रांची गोष्ट निघाली की मला ही ॲलिस हटकून आठवते. तिचं कारण पुढं सांगतो.

आता तेरला जाऊ. तेरणा नदीकाठचं हे गाव दोन हजार वर्षांपूर्वी तगर नावानं दूरदेशी माहीत होतं. इथला माल गाड्यांवर लादून भडोच बंदराला जाई आणि तिथून रोमन लोकांच्या मुलखात. गावातल्या रामलिंगप्पा लामतुरे यांनी जुन्या वस्तू जन्मभर गोळा केल्या, त्यांचं आता सरकारी संग्रहालय झालं आहे. त्यात बोटभर मातीच्या बाहुल्या आहेत आणि हस्तिदंताची एक सुबक स्त्रीमूर्ती आहे. तशीच एक मूर्ती १९३८ साली इटलीत, ज्वालामुखीच्या राखेत गाडल्या गेलेल्या पॉम्पे शहरात सापडली होती. लेक अकरा वर्षांची होती. तिनं काचेला नाक लावून बराच वेळ बाहुल्या पाहिल्या आणि म्हणाली, "बाबा, ह्या कोणा पोरीच्या असतील. ती मोठी झाल्यावर तिच्या बापानं ठेवल्या असतील का?" मी काय सांगणार? त्या वेळी हसून सोडून दिलं. आज आमच्या घरातल्या लोखंडी पेटीत तिचा पहिलीचा पाटी-डबा आहे आणि ती तुळजापूरची कवडीही आहे.

तेर हे संत गोरोबाकाकांचं गाव. त्यांची कथा तुम्हाला ठाऊक आहे. बायको पाण्याला गेली, काका चिखल तुडवत होते, नामात देहभान गेलं आणि रांगत आलेलं बाळ पायाखाली आलं. कीर्तनात ही कथा ऐकून माणसं डोळे पुसतात. माझी लेक देवळाच्या पायरीवर बसून वेगळंच बोलली. "आई पाण्याला गेली होती म्हणून असं झालं ना? घरात पाणी असतं तर ती बाळाजवळ असती." मी शेतीचा पदवीधर. ही कथा शेकडो वेळा ऐकलेली, पण त्या कथेतली घागर मला कधी दिसली नव्हती. ज्या जिल्ह्यात बायकांचे मणके हंड्यांनी झिजतात, त्या जिल्ह्यातल्या पोरीला ती दिसली.

पुढं ती पाण्याच्याच शिक्षणाकडं वळली याचं म्हणूनच मला नवल वाटलं नाही. २०१६ च्या दुष्काळात मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे निघाली, ती आपल्याच जिल्ह्यातून गेली. छोटी गाडी जाऊन जे मोठे रूळ आले, त्याच रुळांवरून. त्या दिवशी लेकीचा फोन आला. "बाबा, गाडी येडशीवरून गेली का? ही तरी जोरात जाते का?" एवढं बोलली आणि गप्प झाली. मीही गप्प झालो. आमच्या विहिरीला तेव्हा बादली बुडेल एवढंही पाणी नव्हतं.

वाचकहो, आता मनातली गोष्ट सांगतो. मार्गशीर्ष अमावस्येला आपल्याकडं येळवस असते. कडब्याची कोप करायची, पाच पांडव मांडायचे, भज्जी, खीर, उंडे आणि मडक्यातलं आंबील घेऊन सगळं घर रानात. पुण्या-मुंबईला गेलेली माणसंसुद्धा या दिवशी परत येतात. आमची लेकही येते. मागच्या येळवशीला जेवणं झाल्यावर भावकीतले एक जण मला म्हणाले, "भाऊ, आता तुम्ही निवृत्त व्हायला आलात. बाईचा हक्कसोड करून घ्या. लग्नात खर्च केलाच की. उद्या भावा-बहिणीत वाकडं नको."

त्यांचं बोलणं अगदीच उडवून लावण्यासारखं नव्हतं. जमीन पाच एकर, विहीर मार्चात तळ गाठणारी. धाकटा मुलगा ती कसतो. तिचे दोन तुकडे झाले तर एकाचंही पोट भरणार नाही, हा हिशेब मी आयुष्यभर दुसऱ्यांना करून दिला आहे. पण लेक दोन हातांवर आंबील वाढत होती. तिनं ते ऐकलं. भांडं खाली ठेवून म्हणाली, "बाबा, रान दादूच कसतो, त्यानंच कसावं. मला त्यातलं पोतं नको. पण सही मागू नका. नाव काढलंत तर पुढच्या येळवशीला मी पाहुणी म्हणून येईन."

कोणी काही बोललं नाही. मुलगा खाली बघून कडब्याची काडी मोडत होता. मग तो उठला आणि म्हणाला, "ताई, यंदा विहिरीचं पाणी मचूळ लागतंय. जाताना बाटली भरून नेतीस का तपासायला?" तिनं नेली. क्षार जास्त आहेत, प्यायला वापरू नका, असं तिनं आठ दिवसांनी कळवलं. आता आम्ही प्यायचं पाणी दुसरीकडून आणतो आणि हक्कसोडाचा विषय घरात पुन्हा निघालेला नाही. मी तो काढणारही नाही.

कायदा काय म्हणतो तेही माहीत असू द्या. हिंदू कुटुंबात वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतका हक्क देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली. तोवर लग्न न झालेल्या मुलींना तो मिळाला. केंद्रानं २००५ साली असाच बदल साऱ्या देशासाठी केला. बाप त्या वेळी हयात असलाच पाहिजे अशी अट नाही, मुलीचा हक्क जन्मानं आहे, हे सर्वोच्च न्यायालयानं २०२० साली स्पष्ट केलं. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडं नोंदवावं लागतं आणि ते राजीखुशीचं असावं लागतं. कोणाची लेक आपखुशीनं सोडत असेल तर तो तिचा प्रश्न. पण ओवाळणीच्या ताटाशेजारी कागद ठेवून घेतलेली सही राजीखुशीची म्हणायची का, ते ज्यानं त्यानं आपल्या मनाला विचारावं.

तर मंडळी, आमच्या जिल्ह्यात या. नळदुर्गला आषाढ-श्रावणात, तुळजापूरला गर्दी टाळून, तेरला निवांत दिवस काढून. येताना लेकरं बरोबर आणा, आणि लेक मोठी झाली असेल तर तिलाही बोलावून घ्या. आणि घरी परतल्यावर तिला आपल्या बांधावरून एक चक्कर मारून आणा. कोणतं झाड आजोबांनी लावलं, विहिरीला झरा कोणत्या अंगाला आहे, शेजाऱ्याची हद्द कुठून सुरू होते, सगळं दाखवा. तिला त्यातलं बरंचसं आधीच ठाऊक असेल. ते तिच्या तोंडून ऐकून घ्या.