खळ्यांतली शाळा

दुसऱ्याच्या मुलांना शिकविणें कठीण आणि आपल्या मुलांना शिकविणें सोपें, असा एक समज सुशिक्षित कुटुंबांत पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. शिक्षकांच्या चुका काढतांना आपण जी तडफ दाखवितों, तिच्या निम्म्या तडफेनें जरी तें काम अंगावर घेतलें, तरी घरोघरीं विद्यापीठें उभीं राहतील, असें आम्हांसही वाटत असे. हा समज तपासून पाहण्याची वेळ आमच्यावर २०२० सालीं आली. मार्च महिन्यांत साथीमुळें शाळा बंद झाल्या. श्रावणांत, गणपतीच्या आधीं, मुंबईचीं बिऱ्हाडें कोंकणच्या वाटेला लागलीं; त्यांत आमचा मुलगा, सून आणि दोन नातवंडें मालवणास आलीं. थोरली नात सात वर्षांची, धाकटा नातू पांचांचा. थोरलीची शाळा मोबाईलच्या कांचेवर भरे. सकाळीं ती त्या चौकटींत तोंड घालून बसे आणि तास संपला कीं डोळे चोळीत उठे. पूर्वीं प्रश्नांनीं भंडावून सोडणारी ही मुलगी दिवसेंदिवस गप्प होत चालली. तेव्हां, "हिला आतां आम्ही शिकवितों," असें आम्हीं एके दिवशीं जाहीर केलें. घरांतून कोणी विरोध केला नाहीं. तेवढ्यावरूनच आम्ही सावध व्हावयास हवें होतें.

आमची योजना अशी होती, कीं एक विषय घ्यावा आणि भाषा, गणित, निसर्ग, इतिहास हे सारे मणी त्याच सूत्रांत ओंवावे. कल्पना अर्थातच आमची नव्हे. बेल्जममधील डॉक्टर डेक्रोली ह्यांनीं १९०७ सालीं ब्रसेल्सजवळ शाळा काढली, तींत त्यांनीं अभ्यासक्रमाचे विषय बाजूला सारून अन्न, निवारा, संरक्षण आणि काम ह्या मुलाच्या गरजांभोवतीं सारें शिक्षण गुंफलें. अमेरिकेंत किलपॅट्रिक ह्यांनीं १९१८ सालीं प्रकल्पपद्धति मांडली. आपल्याकडे वर्ध्यास ऑक्टोबर १९३७ मध्यें शिक्षणपरिषद भरली, तिच्यांतून निघालेल्या नव्या तालिमेनें हस्तोद्योगाच्या द्वारें सर्व विषय शिकवावे असें सांगितलें. आपल्या शिक्षकांनीं त्यास समवाय असें सुरेख नांव दिलें. एवढे आधार पाठीशीं असल्यावर भय कसलें? आम्हीं एक जाड वही आणली, तिच्यांत पट्टीनें रेघा मारल्या आणि पहिला विषय लिहिला: नारळ.

विषय वाईट नव्हता. दारांत माड होते, नारळी पौर्णिमा नुकतीच होऊन गेली होती. आम्हीं एकवीस दिवसांचा बेत आंखला. सावलीवरून माडाची उंची काढावयाची. करवंटीनें घागरींतलें पाणी मोजावयाचें. सोडणापासून काथ्या, काथ्यापासून सुंभ. झावळ्यांच्या हिरांचा खराटा. 'माडाचें आत्मवृत्त' म्हणून दहा ओळींचा निबंध. खोबऱ्याच्या भावावर बेरजा-वजाबाक्या. सारें कोष्टक इतकें नेटकें जमलें, कीं तें आम्ही आल्यागेल्यास दाखवूं लागलों. नवव्या दिवशीं सकाळीं थोरली शहाणपणानें येऊन बसली आणि दीनवाणेपणानें म्हणाली, "आजोबा, आज नारळ नुसता खायला मिळेल का?"

आम्हीं नारळ फोडला. मुलांनीं तो नुसता खाल्ला. वही त्या दिवशीं उघडली नाहीं. आम्हीं वस्तूचा पुरता अभ्यास केला होता. फक्त त्या वस्तूची गोडी तेवढी काढून घेतली होती. सूत्र आमचें होतें, मणीही आमचेच होते. मुलांनीं गळा पुढें करावा, एवढीच काय ती त्यांची शिकवणी.

दुसरा विषय आम्हीं निवडलाच नाहीं. तो समुद्रानें दिला. एका संध्याकाळीं किनाऱ्यावर बसलों असतां धाकट्यानें समोर पाण्यांत पसरलेल्या सिंधुदुर्गाकडे बोट करून विचारलें, "किल्ल्यातले लोक पाणी कुठलं प्यायचे?" शिवाजी महाराजांनीं १६६४ सालीं कुरटे बेटावर ह्या किल्ल्याचें काम सुरू केलें, तटाच्या आंत दूधबाव, दहीबाव आणि साखरबाव अशा तीन विहिरी आहेत आणि त्यांचें पाणी गोडें आहे, हें आम्हीं मोठ्या अभिमानानें सांगितलें. लागलीच थोरलीनें विचारलें, "चहूंकडे खारं पाणी, मग मधलं गोडं कसं?" कित्येक आठवड्यांनीं तिनें आपण होऊन विचारलेला हा पहिला प्रश्न. आम्हांस त्याचें उत्तर ठाऊक नव्हतें. "उद्यां पाहूं," असें म्हणून आम्हीं रात्रीं पुस्तकें धुंडाळलीं.

दुसऱ्या दिवशीं स्वयंपाकघरांत दोन पेल्यांत पाणी घेतलें. एकांत मीठ घातलें, एकांत नाहीं. साध्या पाण्यांत अंडें बुडालें, दाट मिठाच्या पाण्यांत तरंगलें. गोडें पाणी खाऱ्यापेक्षां हलकें असतें; बेटावर पडलेला पाऊस खडकांतून व मातींतून झिरपतो आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगाच्या आकाराचा थर धरून राहतो. विहीर त्या थरापुरतीच खोल असली, तर समुद्रांतही गोडें पाणी मिळतें. मग लिटरभर समुद्राचें पाणी आटविण्यांत आलें आणि त्यांत सुमारें पस्तीस ग्रॅम क्षार असतो हें पुस्तकांतलें वाक्य तांब्याच्या बुडाशीं पांढरें होऊन बसलें. मिठावरून शिरोड्याचीं मिठागरें निघालीं, मिठागरांवरून तेथें १९३० सालीं झालेला मिठाचा सत्याग्रह निघाला. त्याच शिरोड्यास वि. स. खांडेकर १९२० पासून १९३८ पर्यंत शिक्षक होते, हेंही सांगण्यास आमची जीभ फार वळवळत होती. पण नारळाची आठवण झाली आणि आम्हीं ती आवरली.

ह्या दोन विषयांनीं जें शिकविलें तें वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलें आहे. विषय मुलाच्या प्रश्नापासून सुरू व्हावा. प्रश्न येत नसेल, तर वस्तु समोर ठेवून आपण गप्प बसावें. एक विषय तीन आठवड्यांपलीकडे ताणूं नये. जें गणित विषयांतून सहज निघेल तेवढेंच त्यांत घ्यावें. पाढे आणि अक्षरें ह्यांस रोजचा निराळा अर्धा तास द्यावा, त्यांस माडावर चढवूं नये. आठवड्याचे दोन दिवस कोरे सोडावे, कारण मुलांचे प्रश्न आपलें वेळापत्रक वाचून येत नाहींत. शेवटीं हातानें कांहीं तरी करावें आणि तें वापरांत आणावें. आमचा सुंभ फार वाईट वळला गेला होता, तरी त्यावर कपडे वाळत घातले, तेव्हां मुलांस जो आनंद झाला तो निबंधाच्या शाबासकीनें झाला नव्हता.

येथवर आलों, तेव्हां आपणांस ही विद्या साधली असें आम्हांस वाटूं लागलें. दसरा झाला, समुद्र निवळला आणि तिसरा विषय घेतला तो माशांचा. एका पुठ्ठ्यावर माशांचीं चित्रें चिकटवून खालीं नांवें लिहिलीं आणि तो पुठ्ठा खळ्यांत तुळशीजवळ टेंकून ठेवला. आमच्याकडे दिवसाआड मासळी घेऊन येणाऱ्या बाईबरोबर तिचा आठ वर्षांचा मुलगा असे. ती पाटी उतरून घरांत बोलत होती. मुलगा पुठ्ठ्यापुढें येऊन उभा राहिला आणि हंसला. 'सुरमई' ह्या चित्रावर बोट ठेवून म्हणाला, "ही इसवण. ह्यां शिकूक कित्याक व्हयां?"

आमचीं नातवंडें त्याच्याकडे पाहत राहिलीं. मासा ताजा कीं शिळा हें कल्ले उचलून कसें पाहावें, बांगड्याची पाठ कशी ओळखावी, हें त्यानें पाटींतले मासे हातांत घेऊन पांच मिनिटांत दाखविलें. आमचा तीन आठवड्यांचा बेत तेथेंच संपला. कौतुकानें आम्हीं त्यास म्हटलें, "शाबास! आतां हें नांव वाच पाहूं." मुलाचें हंसणें मावळलें. त्यानें आईकडे पाहिलें. तो दुसरींत असतांना शाळा बंद झाली होती. पुढचा अभ्यास मोबाईलवर येतो हें तिला कळलें होतें, पण ती म्हणाली, "फोन एकच आसा, तो ह्येच्या बापाशीवांगडा होडयेर जाता." आमच्या घरांत तेव्हां मोठ्या माणसांपेक्षां मोबाईल अधिक होते.

ती गेल्यावर आम्ही कांहीं वेळ स्वस्थ बसलों. आमच्या मंडळींनीं पुठ्ठा उचलीत सहज म्हटलें, "त्याका पण बसवा वांगडा. खळां काय ल्हान पडता?" खळें लहान नव्हतें. त्याआधींचे तीन महिने तो मुलगा त्याच खळ्यांत दिवसाआड येऊन उभा राहिला होता, आणि मुलांच्या शिक्षणाच्या काळजीनें झोंप न लागणाऱ्या आम्हांस तो दिसला नव्हता.

ताराबाई मोडकांची आठवण तेव्हां आली. गिजुभाई बधेका ह्यांच्याबरोबर भावनगरास बालशिक्षणाचे धडे घेऊन त्यांनीं शहरांतल्या मुलांसाठीं पुष्कळ काम केलें; पण १९४५ सालीं त्या डहाणूकडील बोर्डी गांवीं गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि तेथें त्यांना दिसलें कीं ज्यांस शाळेची अधिक गरज तींच मुलें शाळेंत येत नाहींत. मुलें शाळेंत येत नाहींत, तर शाळेनें त्यांच्या अंगणांत जावें, असा सरळ विचार त्यांनीं केला. अंगणवाडी ती हीच. पुढें कोसबाडच्या टेकडीवर गुरें राखणाऱ्या मुलांसाठीं कुरणशाळाही निघाली. १९७५ पासून सरकारनें अंगणवाडी हें नांव देशभर नेलें. आम्हांस तर कोठें जावयाचेंही नव्हतें. नाचतां येईना त्यास अंगण वांकडें, असें म्हणतात. आमचें अंगण सरळ होतें, फक्त त्यांत आम्हीं दोनच आसनें मांडलीं होतीं.

दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा आणि वाडींतलीं आणखी तीन मुलें येऊं लागलीं. तोंडास फडकें, दोन मुलांत दोन हातांचें अंतर आणि डोक्यावर उघडें आभाळ. मासळीवालीच्या मुलास अक्षरें पुन्हां ओळखावीं लागलीं. जोडाक्षरांपाशीं तो अडे आणि चिडे. त्यानें पहिला शब्द लिहिला तो पुठ्ठ्यावर, 'सुरमई' खोडून, वांकड्यातिकड्या अक्षरांत: 'इसवण'. आम्हीं तो तसाच राहूं दिला.

पौषांत एके पहांटे तो आम्हां सर्वांस रापण पाहावयास घेऊन गेला. होडी जाळें सोडीत समुद्रांत अर्धवर्तुळ घेते, जाळ्याचीं दोन्हीं टोकें किनाऱ्यावर राहतात, मग दोन्हीं दोरांवर माणसांच्या दोन रांगा लागतात आणि जाळें ओढीत आणतात. एका रांगेनें घाई करून चालत नाहीं. दोन्हींकडचा ओढा सारखा ठेवावा लागतो. आमची सहा मुलें एका दोराच्या शेपटास चिकटलीं. त्यांच्यामुळें जाळें तसूभरही लौकर आलें नसेल. पण थोरलीचे तळहात लाल झाले आणि ते ती दिवसभर सर्वांना दाखवीत होती. एकट्या घरांत जन्मभर शिकविलें असतें तरी हा धडा आम्हांस देतां आला नसता. त्याला दोराचें दुसरें टोक धरणारीं माणसें लागतात.

मंडळींनीं मुलांच्या वाट्यास तेवीस बांगडे दिले. खळ्यांत आल्यावर थोरलीनें हिशेब मांडला: सहा मुलें, प्रत्येकीं तीन, पांच उरले. आतां पांचांचे तुकडे करावे, कीं मोठ्या मुलांनीं अधिक घ्यावे, अशी चर्चा सुरू झाली. मासळीवालीचा मुलगा शांतपणें म्हणाला, "उरलले जाळ्याचे. जाळां फाटता मां?" रापणींत मासळीचे वाटे पडतात, त्यांत ओढणाऱ्या हातांप्रमाणें जाळ्याचा आणि होडीचाही वाटा असतो, हें त्यास भागाकार येण्यापूर्वीं ठाऊक होतें. पांच बांगडे परत गेले.

१ डिसेंबर २०२१ पासून ग्रामीण भागांतील पहिली ते चौथीचे वर्ग उघडले. मासळीवालीचा मुलगा चौथींत जाऊन बसला. आमचीं नातवंडें मुंबईस परतलीं. घरीं शिकविणें वाईट असें आम्ही म्हणत नाहीं. कोणाचें मूल आजारी असतें, कोणाची बदली दर वर्षीं होते, कोणास शाळाच मानवत नाहीं. अशा घरांनीं जरूर शिकवावें, आणि विषय हातीं धरून शिकवावें, त्यांत गोडी आहे. अशीं कुटुंबें आमच्याकडे वही मागतात, तेव्हां आम्ही ती देतों. मात्र देतांना, वाडींत आणखी मुलें किती आहेत, हें आधीं विचारतों.

त्या वहींत नारळाचें कोष्टक अजून आहे, पट्टीच्या रेघांसकट. त्यापुढें बरींच पानें कोरीं आहेत. रापणीच्या दिवसाच्या पानावर आमचें अक्षर नाहीं. थोरलीनें लिहिलें आहे: तेवीस भागिले सहा, भाग तीन, बाकी पांच. बाकी जाळ्याची.